क्वास्टचं आभाळ

एर्डमान क्वास्टला बावीस वर्षांत एकही तोंड कोरायला मिळालं नाही, आणि ही गोष्ट तो कोणालाही विसरू देत नसे. आमच्या लाइपझिगला हेम्पेल मालकांचा लाकडी ठसे कोरण्याचा कारखाना होता. पुस्तकांतली चित्रं तिथून तयार होऊन छापखान्यात जायची. अकरा कारागीर, आणि ज्याचं त्याचं काम ठरलेलं. एक जण झाडं कोरी, एक जण कपड्यांच्या चुण्या, एक जण घोडे आणि कुत्री. क्वास्टकडे आभाळ. आभाळ आणि कधीमधी पाणी, तेही पाण्यात कोणी बुडत नसेल तर. कोणी बुडत असला की त्याचं तोंड लेबरेख्ट झाइडेलकडे जाई, कारण तोंडं झाइडेलची.

दोघं एकाच दिवशी कामाला लागलेले. वरच्या डोंगरातल्या एकाच गावचे, एकाच गाडीतून आलेले, एकाच खानावळीतला आंबट कोबी खाऊन वाढलेले. मालकांनी पहिल्या दिवशी दोघांना अंगठ्याएवढं एकेक डोकं कोरायला दिलं, एका म्हाताऱ्या पाद्र्याचं. संध्याकाळी दोन्ही ठशांना शाई लावून कागद काढला. झाइडेलचा पाद्री आत्ता शिंकेल असा दिसत होता. क्वास्टचा पाद्री स्वच्छ आला होता. मालकांनी दोन्ही कागद उजेडाला धरले आणि म्हणाले, "तुझ्या रेघा सरळ आहेत रे पोरा. आभाळाला चालतील."

झालं! एका वाक्यात माणसाचा जन्म ठरला. क्वास्टचं म्हणणं असं की त्याच्या लाकडात गाठ होती. त्या गाठीचं गाऱ्हाणं तो बावीस वर्षं सांगत आला. कधी बिअरच्या ग्लासावर, कधी चर्चच्या पायऱ्यांवर, आणि घरात तर रोजच. त्याची बायको फ्रीडेरिके जिभेची तिखट. ती म्हणे, "नाचता येईना अंगण वाकडं! गाठ लाकडात नव्हती, तुझ्या पोटात होती. अजून आहे."

खरं सांगायचं तर क्वास्टचा हात भलताच सरळ. पट्टी न लावता वीतभर रेघ ओढायचा, तिच्या शेजारी दुसरी, तिसरी, चारशेवी, आणि केसभर फरक नाही. वाळूनं भरलेल्या चामड्याच्या उशीवर ठोकळा ठेवायचा, डोळ्याला भिंग लावायचं आणि श्वास रोखून कोरणी पुढे ढकलायची. दुपारपर्यंत निम्मं आभाळ तयार. पण आभाळाकडे बघतो कोण? नाताळच्या आधी पुस्तकांच्या दुकानांच्या काचांमध्ये उघडी पुस्तकं मांडत. बाया काचेला नाक लावून उभ्या राहत आणि म्हणत, "काय डोळे आहेत गं तिचे!" क्वास्ट मुद्दाम त्यांच्या मागे जाऊन उभा राही. एकदाही, अगदी चुकूनसुद्धा, कोणी म्हणालं नाही की काय गं हे आभाळ.

झाइडेलला तो अक्षरशः पाण्यात पाही. झाइडेलची जागा खिडकीशी. उजेड एकवटायला ठेवतात तो पाण्यानं भरलेला काचेचा गोळा झाइडेलचा सगळ्यांत मोठा. चित्रकार आले की आधी झाइडेलच्या पाठीवर थाप. आणि बरं, झाइडेलनं तोरा मिरवला असता तरी क्वास्टला जरा बरं वाटलं असतं. पण तो मेला भोळा सांब! गुणगुणत कोरायचा, कोरता कोरता डबा उघडून क्वास्टपुढे सरकवायचा, "घे रे, रोझीनानं बटाट्याची भजी केलीत." क्वास्ट भजी खाई आणि मनात म्हणे, हीसुद्धा माझ्या फ्रीडेरिकेपेक्षा चांगली. अंगाचा नुसता तिळपापड होई.

आणि मग त्या वर्षीच्या उन्हाळ्यात ते मोठं काम आलं. उत्तरेकडच्या राजांचं एक जुनं महाकाव्य नव्यानं छापायचं होतं, नव्वद चित्रांसह, नाताळच्या आत. त्यातलं एक चित्र दोन पानं मिळून एक. राणी ओडेलिंडाचा नवरा दुसरी राणी करून जहाजातून घरी येतोय, सोबत नवी नवरी. बाहेर वादळ. जहाजाला वाट दाखवायला बंदराच्या टोकावर जाळ करतात, तो जाळ ओडेलिंडा विझवते आणि मशाल घेऊन भलत्याच खडकावर जाऊन उभी राहते. जहाज त्या मशालीकडे वळतं. तोच तो क्षण चित्रकारानं धरला होता.

चित्रकार ड्रेस्डेनचा, जांभळ्या मखमलीचा कोट, खांद्यापर्यंत केस. मोठा ठोकळा त्यानं पेन्सिलीनं आणि पातळ शाईनं रंगवून आणला होता आणि कारखाना त्याच्याभोवती गोळा झाला. तो राणीच्या तोंडावर बोट ठेवून म्हणाला, "या चित्राचा जीव इथं आहे. ती जळतेय. सवतीच्या विचारानं काळीज करपलंय तिचं. पण हात वर करताना तिच्या डोळ्यांत पाणी आहे, कारण तो बुडणार आहे आणि तिचं त्याच्यावर अजून प्रेम आहे. हे दोन्ही दिसलं पाहिजे. नाहीतर नुसती चेटकीण होईल."

एवढं मोठं लाकूड एका झाडातून निघत नाही, म्हणून ठोकळा आठ तुकडे मागून पेचानं आवळून केलेला असतो. चित्र काढून झालं की पेच सोडायचे, तुकडे वाटायचे, ज्यानं त्यानं आपला तुकडा कोरायचा आणि कडेला गव्हाच्या दाण्याएवढी पट्टी मोकळी सोडायची. सगळे तुकडे परत आवळले की मालक स्वतः त्या पट्ट्या कोरून सांधे जुळवतात. प्रत्येक तुकड्यामागे शाईनं कारागिराचं नाव लिहितात. राणीच्या तोंडाच्या तुकड्यावर मालकांनी विचारही न करता लिहिलं, झाइडेल. आभाळाच्या तुकड्यावर, क्वास्ट.

क्वास्ट त्या दिवशी घरी जाऊन नुसता फणफणत होता. "मत्सर! त्या झाइडेलला काय माहीत मत्सर म्हणजे काय ते? आयुष्यात कोणाचा हेवा केलाय त्यानं? त्याला हेवा वाटेल असं कोणी आहे तरी का? ते तोंड माझं आहे, फ्रीडेरिके. मला कोणाला विचारायची गरज नाही, मी आतून कोरीन!"

"आतून कोर नाहीतर बाहेरून," फ्रीडेरिके बटाटे सोलत म्हणाली, "लाकूड आधी तुझ्याकडे यायला हवं ना."

ते आलं. कसं आलं ते ऐका.

क्वास्टला एक गोष्ट ठाऊक होती, जी कारखान्यात दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हती. ज्याच्यावर आपण जळतो त्याच्यावर आपलं जितकं लक्ष असतं तितकं त्याच्या आईचंसुद्धा नसतं. इस्टरपासून त्यानं पाहिलं होतं की झाइडेल कपाचा कान पहिल्या खेपेला धरत नाही. कोरणी उचलताना आधी बाकावर बोटं फिरवतो. पायरी उतरताना पाय हवेत थोडा थांबतो. झाइडेलच्या डोळ्यांत धुकं उतरत होतं. हे कळलं त्या दिवशी क्वास्टच्या मनाला अशा गुदगुल्या झाल्या की त्यानं घरी जाताना एकट्यानं दोन ग्लास आंबट बिअर प्यायली आणि फिडलवाल्याला नाणं दिलं. मालकांना सांगावं, असं त्याच्या चारदा मनात आलं. चारदा तो त्यांच्या दारापर्यंत गेला. सांगितलं नाही, ते चांगुलपणानं नव्हे. आपण सांगितलं हे उद्या कळलं तर लोक काय म्हणतील, म्हणून.

मोठ्या चित्राचे तुकडे घरी न्यायला मालकांनी मुभा दिली होती, कारण दिवसभर कारखान्यात उरलेली एकोणनव्वद चित्रं बोकांडी बसलेली. सप्टेंबरातल्या एका रविवारी चर्च सुटल्यावर झाइडेल म्हणाला, "एर्डमान, नदीवर चल जरा. बोलायचंय." त्याच्या काखेत फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. प्लाइसेच्या काठी बाकावर बसले. झाइडेलनं फडकं सोडलं. राणीचं तोंड. एकही रेघ ओढलेली नव्हती.

"मला दिसत नाही रे," झाइडेल म्हणाला. "म्हणजे, दिसतं. तू दिसतोस, नदी दिसते. पण हिच्या पापण्या दिसत नाहीत. भिंगातून तर नुसता दुधाचा पेला. कारखान्यातली साधी तोंडं हाताच्या सवयीनं कशीबशी निभावतो, पण ही तीन आठवडे नुसती समोर घेऊन बसतोय."

"अरे देवा," क्वास्ट म्हणाला. आत त्याला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

"मालकांना कळलं तर सोमवारी माझ्या जागेवर दुसरा बसेल. दोन मुलींची लग्नं व्हायचीत. एवढं एक चित्र पार पडू दे, नाताळनंतर मी आपणहून सांगतो." त्यानं तुकडा क्वास्टच्या मांडीवर ठेवला. "तू कोर. मी तुझं आभाळ कोरतो. आभाळाला डोळा कमी लागतो, अंगठ्यानं चाचपत जाईन. मागे नावं आहेत तशी राहू देत."

आभाळाला डोळा कमी लागतो! बावीस वर्षं काढली आभाळात, आणि हा आंधळा म्हणतो डोळा कमी लागतो! क्वास्टच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की तुकडा नदीत भिरकावावा. पण मांडीवर राणी होती. त्यानं तिच्यावरून बोट फिरवलं. "माझं नाव कुठंच येणार नाही," तो म्हणाला.

"नाही येणार," झाइडेल म्हणाला. "मला दुसरा कोणी विचारायला नाही रे. तुझ्याइतका सफाईदार हात कोणाचा आहे?"

असं कोणी मागितलं की माणसानं विरघळावं. क्वास्ट विरघळला नाही. त्यानं हिशेब केला की चित्र छापून येईल, लोक काचेला नाक लावतील आणि आपल्याला मनातल्या मनात कळेल. झाइडेलला कळेल की त्याच्या आजवरच्या सगळ्या तोंडांपेक्षा हे सरस आहे. तेवढं पुरे. "आण," तो म्हणाला.

तीन आठवडे तो सकाळी उजेड झाल्यापासून कामावर जाईपर्यंत आणि रविवारी सबंध दिवस खिडकीशी बसला. फ्रीडेरिकेनं पहिल्या दिवशी डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "अगंबाई, आभाळाला नाक फुटलं!" त्यानं तिला दटावलं, मग सगळं सांगितलं, शपथ घातली. मग ती चिडवायची थांबली. तिनं त्याला इतकं खूश लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. तो जेवताना कोरणीसारखा काटा धरी. भुवईपाशी रेघ कशी वळवली ते टेबलावर रस्सा सांडून दाखवी. राणीच्या जबड्यात त्यानं बावीस वर्षं ओतली. ती भजी, तो खिडकीचा उजेड, ती पाठीवरची थाप.

झाल्यावर त्यानं काजळी लावून बोटानं दाबून कागद काढला आणि फ्रीडेरिकेपुढे धरला.

तिनं बराच वेळ पाहिलं. "रागावलीय खरी," ती म्हणाली.

"मग!"

"पण रडत का नाही? तो म्हणाला होता ना रडतेय म्हणून."

"पाणी काढलंय डोळ्यात! हे काय, हा पांढरा ठिपका!"

"ठिपका दिसतोय," फ्रीडेरिके म्हणाली. "तुझ्यासारखी दिसते ती. भाड्याच्या दिवशी दिसतोस तशी." आणि ती भांडी घासायला गेली. क्वास्ट तिच्याशी तीन दिवस बोलला नाही. बायकांना चित्रातलं काय कळतं!

तुकडे अदलाबदल करून ज्याचे त्याच्याकडे आले. क्वास्टनं झाइडेलनं कोरलेलं आपलं आभाळ हातात घेतलं आणि त्याला भोवळ यायची बाकी राहिली. रेघा कुठं जाड, कुठं बारीक, कुठं मध्येच तुटलेल्या, कुठं एकमेकींच्या अंगावर चढलेल्या. शिकाऊ पोरानं केलं असतं तर त्याच्या कानाखाली आवाज काढला असता. आपल्या नावावर असलं आभाळ जाणार! मग त्याला वाटलं, जाऊ दे. एकदा वाईट आभाळ गेलं म्हणून काय बिघडतं? उलट त्याच्या शेजारी तोंड उठून दिसेल. आभाळाकडे बघतो कोण?

ज्या दिवशी आठ तुकडे आवळून पहिला कागद निघणार होता त्या दिवशी झाइडेल आला नाही. रोझीनानं निरोप धाडला की त्याला ताप आहे. चित्रकार ड्रेस्डेनहून आला होता. मालकांनी सांधे जुळवले, शाईचा रूळ फिरवला, कागद ठेवला, दाबला आणि उचलला. अकरा वजा एक, दहा कारागीर; त्यांतल्या नऊ माना पुढे झाल्या. क्वास्टनं आपली मान मुद्दाम मागे ठेवली. त्याला लोकांची तोंडं बघायची होती.

मालक पहिल्यांदा बोलले. "झाइडेलला या वेळी काय झालं कोण जाणे," ते म्हणाले. "वाईट नाही. स्वच्छ आहे. अगदी स्वच्छ आहे."

"हं," चित्रकार म्हणाला. "चेटकीण झालीय जरा. असू दे, वय होतं माणसाचं." मग तो कागदावर वाकला, कागद हातात घेतला, खिडकीशी नेला. आणि मोठ्यानं ओरडला, "हे आभाळ कोणी केलं?"

क्वास्ट दाराकडे सरकला. आता शिव्या.

"आमचा क्वास्ट," मालक म्हणाले.

चित्रकार जांभळा कोट फलकारत आला आणि त्यानं क्वास्टला सगळ्यांदेखत मिठी मारली. मखमलीला तंबाखूचा वास येत होता. "मी एवढं काढलंच नव्हतं," तो म्हणाला. "मी नुसतं करडं फासलं होतं. तुम्ही वादळ आणलंत! हे ढग बघा, धावतायत. हा वारा बघा. राणीच्या तोंडावर जे यायला हवं होतं ते सगळं या आभाळात आलंय. रडतंय हो हे आभाळ!" आणि नऊही जण आभाळाकडे बघू लागले. घोडे-कुत्रीवाला म्हणाला, "खरंच की." क्वास्टनंही पाहिलं. कागदावर उमटल्यावर त्या जाड-बारीक, तुटक्या, एकमेकींवर चढलेल्या रेघांचं काय झालं होतं ते त्यालाही दिसलं. त्याला सगळ्यांत आधी दिसलं. आभाळ त्याला जितकं कळत होतं तितकं त्या खोलीत दुसऱ्या कोणाला कळत होतं?

मालकांनी शाईचा रूळ खाली ठेवला. "क्वास्ट, बावीस वर्षं तू माझ्याकडे आभाळं करतोस. हे पहिलं, ज्यात पाऊस पडू शकेल."

चित्रकारानं हट्टच धरला. चित्राखाली फक्त कारखान्याचं नाव जायचं, कारागिराचं कधीच नाही. पण या आभाळात क्वास्टचं नाव गेलंच पाहिजे म्हणाला, वरच्या कोपऱ्यात, ढगाच्या बुडाशी. मालकांनी मान डोलावली आणि कोरणी क्वास्टच्या हातात दिली.

आता सांगायचं होतं. तोंड उघडायचं आणि सांगायचं की आभाळ झाइडेलचं आहे. पण मग तोंड कोणाचं, हेही सांगावं लागलं असतं. आणि झाइडेलच्या डोळ्यांचं बिंग फुटलं असतं, त्याची जागा गेली असती, मुलींची लग्नं... मित्रासाठी गप्प राहायला हवं, असं क्वास्टनं मनाशी म्हटलं. अगदी वेळेवर आठवला त्याला मित्र! तो मूग गिळून बाकावर बसला, भिंग लावलं आणि उलटी अक्षरं कोरू लागला. कोरताना त्याला दिसत होतं की शेजारची प्रत्येक रेघ त्याला येत नाही अशी आहे. हात सरळ होता. नाव सुरेख आलं.

त्या क्षणापासून क्वास्टला स्वतःच्या नावाचा हेवा वाटू लागला. हसू नका. नाताळच्या आधी काचेत ते पुस्तक मांडलं, तेव्हा तो मागे जाऊन उभा राहिला. बाया म्हणाल्या, "आभाळ बघ गं, अंगावर येतंय." बावीस वर्षं जे ऐकायला तो तिथं उभा राहिला होता ते ऐकलं, आणि त्याला वाटलं त्या बाईची टोपी ओढून चिखलात टाकावी. पेपरात एक लांबलचक लेख आला. त्यात राणीच्या तोंडाबद्दल दोन शब्द होते, 'नेहमीप्रमाणे नेटकं.' आभाळाबद्दल अकरा ओळी. फ्रीडेरिकेनं त्या वाचल्या आणि पेपर घडी करून चुलीपाशी ठेवला. या वेळी तिनं टोमणा मारला नाही. तिनं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

झाइडेल परत कामावर आलाच नाही. ताप उतरला तोवर धुकं इतकं दाटलं होतं की लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. खिडकीची जागा रिकामी झाली. मालकांनी ती क्वास्टला दिली, मोठ्या काचेच्या गोळ्यासकट. तिथं बसून क्वास्टनं नंतरची अकरा वर्षं आभाळं कोरली. सगळे म्हणत, छान आहे, पण त्या राणीवाल्या आभाळासारखं नाही हो.

नाताळनंतरच्या पहिल्या रविवारी तो झाइडेलला भेटायला गेला. जायचं टाळत होता, पण फ्रीडेरिकेनं केकचा तुकडा बांधून हातात दिला आणि दार उघडून उभी राहिली. झाइडेलचं घर तिसऱ्या मजल्यावर. रोझीनानं कॉफी ओतली, पातळ, कपाच्या तळाची फुलं दिसतील इतकी. झाइडेल खुर्चीत बसला होता, तोंड दाराकडे, पण डोळे जरा बाजूला.

"एर्डमान आला! बस, बस. चित्र कसं झालं रे? मला कोणी धड सांगत नाही."

"बरं झालंय."

"तोंड?"

"वाखाणलं लोकांनी," क्वास्ट म्हणाला. "तुझं नाव झालं."

"तुझं तोंड ते. मला ठाऊक होतं तू करशील." झाइडेलनं कप टेबलावर ठेवला, आधी टेबल चाचपून. मग जरा थांबून, अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि आभाळ?"

क्वास्टच्या तोंडात केक होता. तो गिळायला त्यानं वेळ घेतला. "आभाळ काय," तो म्हणाला. "आभाळासारखं आभाळ. कोणाचं लक्ष गेलं नाही."

"असं होय," झाइडेल म्हणाला. "बरं झालं. मला भीती होती मी बिघडवलं की काय." मग तो गुणगुणू लागला, आणि इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. थंडीच्या, मोठ्या मुलीच्या लग्नाच्या. क्वास्ट लवकर उठला.

रोझीना जिन्यापर्यंत आली. दार मागे ओढून घेऊन ती हळू आवाजात म्हणाली, "भाऊजी, पेपर मी त्याला गुरुवारीच वाचून दाखवला. दोनदा वाचायला लावला त्यानं मला."

क्वास्टचा हात कठड्यावर होता. "मग मला कशाला विचारलं?"

"म्हणाला, पेपरवाल्यांना काय कळतंय. एर्डमान येऊ दे. आभाळातलं त्याला कळतं, त्याच्या तोंडून ऐकायचंय." तिच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट. "गुरुवारपासून वाट बघत होता तुमची."

ती आत गेली. क्वास्ट चार पायऱ्या उतरला. खाली कोणीतरी सरपण चढवत होतं, त्याला वाट द्यायला तो भिंतीला टेकून उभा राहिला. सरपण वर गेलं तरी तो तिथंच. मग तो परत वर चढला आणि दार न वाजवता आत गेला.

"काय विसरलास?" झाइडेलनं पावलांवरून ओळखून विचारलं.

"डाव्या कोपऱ्यात," क्वास्ट म्हणाला, "मशालीच्या वर, तुझ्या चार रेघा एकमेकींवर चढल्यात."

झाइडेलचं तोंड उजळलं. "आहे ठाऊक! अंगठा घसरला तिथं. मी म्हटलं, एर्डमानच्या ध्यानात आल्याशिवाय राहायचं नाही."

"नुसता घसरला नाहीस. सबंध आभाळभर घसरत गेलायस. एक रेघ सरळ नाही. मी असल्या रेघा ओढल्या असत्या तर मालकांनी मला दुसऱ्या दिवशी गावाला धाडलं असतं." क्वास्टचा आवाज चढत चालला होता. रोझीना भांडं हातात धरून तशीच उभी राहिली. "आणि तिथंच तो वारा आहे, मेल्या. तिथंच सगळं आहे. दुकानाच्या काचेपुढे बाया उभ्या राहतात, त्यांना मी मारायला धावायचा बाकी आहे. मी जळतो तुझ्यावर, लेबरेख्ट. तोंडांसाठी जळत होतो तोवर ठीक होतं. तू माझ्या आभाळातसुद्धा आलास! बावीस वर्षं मी बसलो रे तिथं, डोळे फोडून, श्वास रोखून, आणि मला एकदाही असं घसरता आलं नाही."

झाइडेलनं हात पुढे केला, पहिल्यांदा हवेतच चुकला, मग क्वास्टची बाही धरली आणि म्हणाला, "परत सांग. मशालीच्या वर कुठं?"